कुत्रा चावला, गाय पिसाळली, दूध प्यायलो: रेबीजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी करताना जे प्रश्न माझ्या फोनवर पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. शब्द विचारणाऱ्यांचेच, मी फक्त थोडे नीट लावलेत. मी जनावरांची डॉक्टर. माणसांच्या उपचाराबद्दल इथे जे आहे ते दवाखान्याची पायरी चढेपर्यंत उपयोगी पडावं म्हणून. डोस ठरवणं तिथल्या डॉक्टरांचं काम. आत्ता कुणाला चावलेलं असेल तर बाकी सोडा, थेट प्रश्न ४ वाचा.

१. रेबीज म्हणजेच पिसाळणं ना? तो होतो कसा?

हो, तेच. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत रेबीजचा विषाणू असतो आणि चाव्यातून तो जखमेत उतरतो. तो रक्तातून पसरत नाही. जखमेजवळची नस धरतो आणि तिच्या आतून मेंदूकडे सरकत राहतो. मेंदूत पोचला की तिथून पुन्हा नसांवाटे लाळग्रंथींत येतो, म्हणजे पुढच्या चाव्याची सोय झाली.

माणसात या प्रवासाला बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात, क्वचित आठवडाभर, क्वचित वर्षापेक्षाही जास्त. पायाला चावलं तर वाट लांबची, चेहऱ्याला किंवा मानेला चावलं तर जवळची. लस काम करते ती याच मधल्या काळात. लक्षणं दिसायला लागली की माणूस असो नाहीतर म्हैस, वाचवणारं औषध आजही नाही. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजने जातात आणि त्यातली साधारण एक तृतीयांश भारतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अलीकडच्या पाहणीतला अंदाज बराच कमी, वर्षाला ५,७२६ मृत्यूंचा आहे. आकडा कुठलाही धरा, यातले जवळजवळ सगळे मृत्यू कुत्र्याच्या चाव्यातून आलेले आणि वेळेत लस मिळाली असती तर टळणारे.

२. कुठल्या कुठल्या जनावरांना होतो? उंदीर चावला, पाल अंगावर पडली, कोंबडीने टोचलं तर?

अंगावर पाजणाऱ्या कुठल्याही प्राण्याला होऊ शकतो: कुत्रा, मांजर, गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, गाढव, डुक्कर, माकड, मुंगूस, कोल्हा, लांडगा. पाल, साप, कोंबडी, कावळा यांचा रेबीजशी संबंध नाही. घरातला उंदीर, खार, ससा चावल्यावर सहसा रेबीजची लस लागत नाही. पण धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं, आणि उंदीर दिवसाढवळ्या वेड्यासारखा अंगावर आला असेल तर डॉक्टरांना तसं सांगावं.

३. कुत्रा पिसाळलाय हे कसं ओळखायचं? आम्ही त्याच्यापुढे पाणी ठेवून बघितलं, घाबरला नाही. म्हणजे ठीक ना?

नाही. ही पाण्याची परीक्षा गावोगाव चालते आणि ती चुकीची आहे. पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण. पिसाळलेला कुत्रा पाण्याला घाबरत नाही. तो भांड्यात तोंड घालतो, ओढा ओलांडतो. घसा लुळा पडल्यामुळे त्याला गिळता येत नाही, एवढंच.

सुरुवातीला स्वभाव बदलतो. लाडका कुत्रा कोपऱ्यात, खाटेखाली, अंधारात जाऊन बसतो. माणसांपासून दूर राहणारा कुत्रा उगाच अंगचटीला येतो. जिथे चावा बसला होता ती जागा चाटून चाटून सोलून काढतो. मग दोन वाटा फुटतात. एक सगळ्यांना माहीत असलेली: सैरावैरा पळणं, समोर येईल त्याला चावणं, दगड, लाकूड, माती चघळणं, साखळी तोडायचा प्रयत्न, भुंकण्याचा आवाज घोगरा आणि शेवटी लांबलेला.

दुसरी वाट मला जास्त भीतीची वाटते. यात कुत्रा कुणाला चावत नाही. खालचा जबडा लोंबतो, जीभ बाहेर, लाळेची तार लागलेली, नजर हरवलेली. बघणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलंय. मग घरातलं कुणीतरी मायेने तोंडात बोट घालतं. ‘चावला नाही हो, बिचारा गरीब पडून होता,’ असं मला ऐकवलं जातं ते याच कुत्र्यांबद्दल. लक्षणं सुरू झाली की कुत्रा साधारण दहा दिवसांच्या आत मरतो. हा दहाचा आकडा लक्षात ठेवा, प्रश्न ७ मध्ये लागेल.

४. कुत्रा आत्ता चावलाय. पहिलं काय करू?

साबण आणि वाहतं पाणी. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. नळ नसेल तर कुणाला तरी तांब्याने पाणी ओतायला सांगा. कपड्याचा, भांड्याचा, अंगाचा, कुठलाही साबण चालतो. विषाणूच्या बाहेरचं आवरण चरबीचं आहे, साबणाने ते फुटतं. पंधरा मिनिटं म्हणजे किती हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. बहुतेक जण दीड मिनिटात ‘झालं’ म्हणतात.

मग आयोडीनचं किंवा दुसरं जंतुनाशक औषध लावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मिरचीपूड, चुना, हळद, तंबाखू, रॉकेल, तेल, जळवलेल्या कापसाची राख यातलं काहीही जखमेत भरू नका. कातडी जळते आणि पुढे सिरम (जखमेत टोचायचं औषध, प्रश्न ६) भरताना अडचण होते. जखम घट्ट बांधू नका. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत. घालावेच लागले तर आधी सिरम भरून, मग सैल.

अमुक गावच्या बुवांकडे एक औषध आहे, ते घेतलं की लस लागत नाही, असं सांगणारा माणूस प्रत्येक तालुक्यात असतो. त्याचे ‘बरे झालेले’ रुग्ण खरेच जिवंत असतात, कारण चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं.

५. चावला नाही, नुसता दात लागलाय. रक्त नाही. ओरखडा आहे. फक्त चाटलंय. इंजेक्शन घ्यायचंच का?

डॉक्टर तीन गट करतात. धडधाकट कातडीला चाटलं, हात लावला, खाऊ घातलं: हा पहिला गट, काही लागत नाही, धुवा. कातडीवर दात लागले, रक्त न येता ओरखडा उठला: दुसरा गट, लस लागते. रक्त आलं, दात आत रुतला, किंवा फुटलेल्या कातडीवर, डोळ्यात, ओठावर, तोंडात लाळ गेली: तिसरा गट, लस आणि सिरम दोन्ही.

रक्त आलं की नाही हे कळत नसेल तर जखमेवर स्पिरिट लावा. चुरचुरलं तर कातडी फुटलेली आहे असं धरा. मुलांना मात्र विचारून भागत नाही. आई ओरडेल म्हणून ती सांगत नाहीत, आणि कुत्रा त्यांच्या तोंडाच्या उंचीला येतो. खेळून आलेल्या पोराच्या कानामागे, केसांत एकदा बघा.

६. ती पोटातली चौदा इंजेक्शनं अजून देतात का? आणि सिरम म्हणजे काय?

पोटातली गेली. कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास केलेली ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, आणि सरकारी दवाखान्यांत कित्येक दशकं तीच होती. २००४ च्या अखेरीस भारतात ती बंद झाली. माझ्या आईच्या पिढीला ‘कुत्रं चावलं’ म्हटलं की आजही आधी पोट आठवतं. त्या भीतीपायी चावा लपवणारी वयस्कर माणसं अजून भेटतात, त्यांना हे मुद्दाम सांगा.

आता लस दंडात देतात. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत, दोन्ही दंडांवर एकेक, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. खासगीत स्नायूत, ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी. पहिलं इंजेक्शन ज्या दिवशी घेतलं तो शून्यावा दिवस. लहान बाळांना स्नायूतली लस मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात, कुल्ल्यावर कुणालाच नाही.

लसीमुळे शरीर स्वतः प्रतिपिंडं बनवतं, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळासाठी तयार प्रतिपिंडं थेट जखमेत भरायची, ते सिरम. ते वजनावर मोजून जखमेच्या आत आणि भोवती टोचतात. दुखतं. पण लसीइतकंच गरजेचं आहे. पहिल्या लसीसोबत राहून गेलं तर त्या लसीपासून सात दिवसांपर्यंत देता येतं. त्यानंतर उपयोग नाही. सिरम सगळीकडे ठेवलेलं नसतं, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा: ‘लस आहे, सिरम आहे का?’

७. कुत्रा ओळखीचा आहे. दहा दिवस वाट बघतो, मेला तर इंजेक्शन घेतो. चालेल?

उलट करा. इंजेक्शन आज सुरू करा आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. चावताना लाळेत विषाणू असेल तर तो कुत्रा दहा दिवसांत आजारी पडून मरतोच. दहाव्या दिवशी खातापिता, धडधाकट असेल तर चाव्यात रेबीज नव्हता, आणि पुढचे डोस घ्यायचे की थांबायचं हे डॉक्टर ठरवतील. नुसती वाट बघितली आणि नवव्या दिवशी कुत्रा मेला, तर तुमच्या हातातले नऊ दिवस गेलेले असतात.

हा नियम फक्त कुत्र्या-मांजरांना. माकड, मुंगूस, कोल्हा, गाय, म्हैस यांना लावू नका. आणि कृपा करून त्या कुत्र्याला मारू नका. मारलात तर बघायचं काय?

८. आमच्या कुत्र्याला दरवर्षी लस देतो, कार्ड आहे. तो मला चावला तरी इंजेक्शन?

कार्ड असणं आणि लस लागू पडणं यात फरक आहे. लस २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी. उन्हाळ्यात दुचाकीच्या डिकीतून तासभर फिरलेली बाटली म्हणजे रंगीत पाणी. पिल्लूपणी एकच डोस घेतलेला कुत्राही पुरेसा सुरक्षित नसतो. म्हणून चावल्यावर डॉक्टरांकडे जायचंच, कार्ड सोबत न्यायचं. नियमित लस, घरातच राहणारा, कारणाने चावलेला (शेपटीवर पाय पडला, ताटातलं ओढलं) आणि डोळ्यांसमोर असलेला कुत्रा असेल तर डॉक्टर वेगळा विचार करू शकतात. तो त्यांना करू द्या.

९. पिल्लाला लस कधी द्यायची? एवढंसं पिल्लू, त्याला कुठला रेबीज?

तीन महिन्यांचं झालं की पहिला डोस, तीन-चार आठवड्यांनी दुसरा, मग दरवर्षी. आणि एवढंशा पिल्लालाही होतो. त्याची आई मोकाट असते, कोण येऊन चावून गेलं कुणी बघितलेलं नसतं. पिल्लू रस्त्यावरून मुलं उचलून आणतात, चार घरांत फिरवतात, त्याचे सुईसारखे दात सगळ्यांना लागतात आणि ‘खेळताना लागलं’ म्हणून कुणी मोजत नाही. आठवड्याने पिल्लू मरतं, ते पोटात जंत झाले म्हणून, असं सगळे समजतात.

१०. रात्री गोठ्यात पिसाळलेलं कुत्रं शिरलं, गाईला चावलं. आता ती वाचेल का?

लगेच सुरुवात केली तर वाचण्याची चांगली आशा असते. जखम माणसासारखीच, साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हातमोजे घालून. मग लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. काही वेळा ९० व्या दिवशीही एक देतात. तोंडाला, मानेला चावलं असेल तर धोका जास्त. लस पूर्ण होऊनही एखादं जनावर हातचं जातं, हे आधीच सांगून ठेवते.

त्या रात्री गोठ्यात जेवढी जनावरं होती तेवढी सगळी तपासा. दाव्याला बांधलेली जनावरं पळू शकत नाहीत, म्हणून एका कुत्र्याचे चार-चार चावे सापडतात. नाक, ओठ, कानाची पाळी, मागचे पाय, शेपटीचं टोक बघा. म्हशीच्या काळ्या कातडीवर दाताची खूण दिसत नाही, हात फिरवून बघावी लागते. चावलेलं जनावर वेगळं बांधा आणि किमान सहा महिने लक्ष ठेवा. तोवर विकू नका. बाजार दाखवून मोकळं होणारे असतात, आणि मग तो रोग दुसऱ्याच्या गोठ्यात जातो.

११. गाय-म्हैस पिसाळल्यावर कशी दिसते?

कुत्र्यासारखी अजिबात नाही, म्हणूनच फसगत होते. चारा-पाणी सुटतं, दूध एकदम आटतं. तोंडातून लाळेच्या तारा. सारखी हंबरते आणि आवाज बसलेला, फाटका. सारखी कुंथते, शेण-मूत थोडं थोडं. काही गाई माजावर आल्यासारख्या दुसरीवर चढतात, आणि मालक रेतन करायला माणूस बोलावतो. काही शिंगं भिंतीवर आपटतात, माणसावर धावतात. बऱ्याचशा मात्र मुकाट असतात: मागचे पाय लटपटतात, मग खाली बसते, उठत नाही, आठवडाभरात संपते.

यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कशाचं तरी वाटतं. लाळ आहे म्हणून लाळ्या-खुरकूत, कुंथते म्हणून पोटदुखी, बसली म्हणून कॅल्शियमची कमी. आणि सगळ्यात घातक अंदाज: घशात काहीतरी अडकलंय.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मीही तोच केला. जूनचे दिवस, अंगणात आंब्याच्या कोयी पडलेल्या, गाय मान लांब करून लाळ गाळत उभी. मालक म्हणाले, कोय अडकली असणार. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने जबडा धरला आणि मी कोपरापर्यंत हात आत घातला. उघडा हात. अंगठ्याच्या नखाशी सालपट निघालेलं होतं. आत काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाईचा आवाज बसला. तिसऱ्या दिवशी मालकीणबाई सहज म्हणाल्या, ‘मॅडम, सव्वा महिन्यापूर्वी एक लूत लागलेलं कुत्रं गोठ्यात आलं होतं, पण ते वासराच्या मागं लागलं होतं.’ गाय आपल्या वासराच्या आड आली होती. कॉलेजात माझा लसीचा कोर्स झालेला होता, म्हणून मला दोन डोसांवर भागलं (प्रश्न १८). त्या बापलेकांना पूर्ण कोर्स आणि सिरम घ्यावं लागलं. तेव्हापासून लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात मी हातमोज्याशिवाय हात घालत नाही, आणि आधी एकच विचारते: गेल्या सहा महिन्यांत गोठ्यात कुत्रं शिरलं होतं का?

१२. गाय रेबीजने मेली. आम्ही तिला पाणी पाजलं, पाला भरवला, धार काढली. घरातल्या सगळ्यांनी इंजेक्शनं घ्यायची का?

सगळ्यांनी नाही. लाळ कुणाच्या फुटलेल्या कातडीला लागली याची यादी करा. तोंडात हात घातलेला, नळीने औषध पाजलेला, वेसण किंवा मोहरकी काढलेला माणूस: हाताला चीर, ओरखडा, नखुरडं असेल तर तिसरा गट (प्रश्न ५). शेतकऱ्याच्या हाताला चीर नाही असं सहसा होत नाही, म्हणून शंका असेल तर घ्या. नुसती धार काढली, शेण काढलं, पाठीवरून हात फिरवला, तर लागत नाही. शेण, मूत, रक्त यांतून रेबीज पसरत नाही.

१३. तिचं दूध घरात प्यायलो, डेअरीलाही घातलं, शेजारी वाटीभर खरवस दिला. आता?

या एका प्रश्नावर अख्खं गाव आरोग्य केंद्रासमोर रांग लावतं. उकळलेल्या दुधात, चहात, शिजवलेल्या खरवसात विषाणू जिवंत राहत नाही. त्यासाठी लस लागत नाही. डेअरीचं दूध इतर दुधात मिसळतं आणि पाश्चरायझेशनमधून जातं, तिथेही प्रश्न मिटतो.

कच्चं, धारोष्ण दूध प्यायलं असेल तर? अशा दुधातून माणसाला रेबीज झाल्याचा ठोस पुरावा नाही. तरी डॉक्टरांना दाखवा, विशेषतः तोंड आलेलं असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल तर. आणि लक्षणं दिसू लागलेल्या जनावराचं दूध त्या दिवसापासून कुणालाच देऊ नका, उकळूनही नाही.

वासराचं मात्र वेगळं. त्याला दुधापेक्षा भीती आईच्या जिभेची. आजारी गाय त्याला सतत चाटते. वासराला लस सुरू करा.

रांगेचा राग मला येत नाही, भीती खरी असते. पण त्या दिवशी केंद्रातल्या लसी खरवस खाल्लेल्यांवर संपल्या आणि संध्याकाळी खरोखर चावलेलं पोर आलं तर त्याला तालुक्याला पाठवावं लागतं.

१४. मेलेल्या जनावराचं काय करायचं?

कातडं काढायचं नाही, मांस वाटायचं नाही, कुत्र्यांना खायला उघड्यावर टाकायचं नाही. खोल खड्डा, वर चुना, मग माती. उचलताना हातमोजे, नसतील तर हातांना प्लास्टिकच्या पिशव्या. डोक्याला आणि तोंडाला हात लावू नका. दावणीची जागा, गव्हाण, बादली साबणाच्या किंवा ब्लीचिंगच्या पाण्याने धुवून उन्हात वाळवा. उन्हात विषाणू फार टिकत नाही.

पुरण्याआधी आम्हाला कळवा. रेबीज हा २००९ च्या जनावरांच्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यात कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे. जवळचा दवाखाना किंवा १९६२ हा क्रमांक.

१५. जिवंतपणी रक्त तपासून खात्री होत नाही का?

होत नाही. विषाणू रक्तात नसतो आणि आजारपणात रक्तातली प्रतिपिंडंही भरवशाची नसतात. पक्की तपासणी मेल्यानंतर, मेंदूच्या तुकड्यावर, चमकणाऱ्या रंगाच्या प्रतिपिंडांनी करतात. पूर्वी मेंदूच्या पेशींत १९०३ साली इटलीच्या नेग्री यांनी दाखवलेले ठिपके शोधायचे. ते प्रत्येक वेळी सापडत नाहीत. नमुना आम्ही काढतो आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेला पाठवतो. कवटी घरी फोडायचं धाडस करू नका. आणि अहवालासाठी माणसाची लस थांबवायची नाही.

१६. गाईला तिवा झालाय म्हणतात. लाळ गळते, उठत नाही. हा रेबीजच नसेल ना?

गंमत अशी की दोघे एकाच घराण्यातले. तिवा म्हणजे तीन दिवसांचा ताप. त्याचा विषाणू रेबीजचा लांबचा भाऊबंद, आकारानेही तसाच गोळीसारखा. पण स्वभाव वेगळा. तिवा डास आणि चावऱ्या माशांमुळे होतो, पावसाळ्यात जास्त, आणि माणसाला होत नाही. अचानक जोराचा ताप, एका पायाने लंगडणं, मग दुसऱ्या पायाने, अंग आखडणं, लाळ. बहुतेक जनावरं दोन-तीन दिवसांत उठतात.

एक काळजी दोन्हीकडे सारखी. तिव्यातही काही वेळा गिळता येत नाही, म्हणून नळीने काढा, तेल, औषध पाजू नका. ते फुप्फुसात जातं आणि तिव्याने न मरणारी गाय त्याने मरते. आवाज बसलेला असेल, कुंथत असेल, तीन दिवसांनी सुधारायऐवजी खालावत असेल तर तिवा हा शब्द सोडा आणि प्रश्न ११ वाचा.

१७. कुत्र्याला झटके येतात, तोंडाला फेस. डॉक्टर डिस्टेंपर म्हणाले, शेजारी रेबीज म्हणतात. कुणाचं खरं?

डिस्टेंपर हा गोवराच्या विषाणूचा नातेवाईक, रेबीजचा नाही, आणि माणसाला होत नाही. त्यात आधी ताप, डोळ्या-नाकातून घाण, खोकला, जुलाब, आणि मागाहून झटके. काही कुत्री च्युइंगम चघळल्यासारखा जबडा हलवतात. पण नुसत्या झटक्यांवरून दोन्हींत फरक करणं मलाही दर वेळी जमत नाही. म्हणून त्या अवस्थेत तो कुणाला चावला असेल तर रेबीज समजूनच माणसाचा उपचार करायचा.

१८. दोन वर्षांपूर्वी पूर्ण कोर्स झालाय. परत कुत्रा चावला. परत पाच?

नाही. पूर्ण झाल्याचा कागद असेल तर जखम धुवायची आणि ० व ३ या दिवशी दोन डोस. सिरम लागत नाही. अर्धवट सोडलेला कोर्स यात धरत नाहीत. म्हणून ती पिवळी-पांढरी चिठ्ठी रेशन कार्डासोबत जपा. जनावरांचे डॉक्टर, कुत्री पकडणारे, मेंढपाळ, गोशाळेत काम करणारे यांनी चावा बसायच्या आधीच कोर्स करून ठेवावा.

१९. बायको गरोदर आहे, लस चालते का? अंडी-मटण बंद करायचं का?

चालते. गरोदरपण, स्तनपान, म्हातारपण, दुसरा आजार, काहीही असलं तरी ही लस थांबवत नाहीत. पथ्य काही नाही. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर मात्र आधी सांगा. अशा रुग्णांना साध्या ओरखड्यालाही सिरम देतात.

२०. मांजर, माकड, वटवाघूळ?

मांजराने बोचकारलं तरी कुत्र्याचेच नियम. ती पंजे चाटते. माकड चावलं तर दहा दिवसांची वाट नाही, लस आणि सिरमचा निर्णय त्याच दिवशी. वटवाघळाचा दात लागला तर जागतिक आरोग्य संघटना थेट तिसरा गट धरते. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात वटवाघळांत रेबीजचे सख्खे भाऊ सापडले आहेत. ऑस्ट्रेलियातला १९९६ साली, जिथे कुत्र्यांचा रेबीज नाही.

२१. सगळी मोकाट कुत्री मारून टाकली तर प्रश्नच मिटेल की!

मिटत नाही. जागा आणि उकिरडा तसाच राहिला की शेजारच्या गावची, लस नसलेली कुत्री महिन्याभरात येतात. विषाणूची साखळी तोडायला वस्तीतल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस लागते, आणि दरवर्षी, कारण पिल्लं दरवर्षी जन्मतात.

हे आपल्या शेजारी गोव्यात करून दाखवलंय. मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी वस्ती-वस्तीत फिरून, मोकाट कुत्री जाळ्यात धरून वर्षाला ९५ हजारांच्या आसपास कुत्र्यांना लस टोचली. शाळांत मुलांना शिकवलं, संशयित कुत्र्यांची तपासणी चालू ठेवली. कुत्र्यांतला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०१८, २०१९ मध्ये तिथे माणसाचा एकही रेबीज मृत्यू नोंदला गेला नाही. राज्य लहान आहे हे खरं. पण आपल्याकडचा एखादा जिल्हाही तेवढाच असतो.

चावरा आणि पिसाळलेला यात फरक आहे. खरोखर संशयित कुत्रा असेल तर नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवा. प्राणी जन्मनियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांनुसार त्याला मरेपर्यंत वेगळं ठेवायचं असतं. नसबंदीवर सगळा जोर आणि लसीला हात आखडता, हे मात्र मला पटत नाही. नसबंदीचा परिणाम दिसायला वर्षं लागतात, लस महिन्याभरात काम करते.

२२. चावून चार महिने झाले, तेव्हा काही घेतलं नाही. आता उपयोग आहे का?

आहे. लक्षणं नसतील तर आजच जा आणि आज चावलंय असंच समजून उपचार घ्या. एकच अपवाद: तो कुत्रा चावल्यानंतर दहा दिवसांनी जिवंत आणि धडधाकट होता हे तुम्ही स्वतः पाहिलं असेल, तर त्या चाव्याची चिंता संपली. ‘परवा कुणीतरी चौकात बघितला’ हे चालणार नाही. तपकिरी कुत्री चौकात पुष्कळ असतात.

२३. मुलीकडे जर्मनीला चाललोय, कुत्र्याला न्यायचंय. कार्ड पुरेल का?

नाही. आधी मायक्रोचिप, मगच रेबीजची लस. क्रम उलटला तर ती लस धरत नाहीत. त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडं मोजतात, ती प्रति मिलिलिटर ०.५ एककं किंवा जास्त हवीत. रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे तिकिटाच्या किमान पाच महिने आधी माझ्याकडे या. पुढच्या बुधवारचं विमान आहे म्हणून सोमवारी येऊ नका.